लळिंगच्या कुरणात एक दिवस

थंडी पडू लागली की जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर स्वेटर, मफलर आणि कानटोप्या घेऊन तिबेटी बांधवांची दुकाने लागतात. गेल्या हिवाळ्यात मुलाच्या स्वेटरचा भाव करता करता अशाच एका दुकानातील तिबेटी ताईंशी आमचे बोलणे निघाले. आमच्या मुलीच्या गळ्यातील बुद्धाचे पदक पाहून त्यांनी हात जोडले, आम्हीही जोडले. भाव मग आपोआप उतरला!

या ताई आपल्या महाराष्ट्रातच वाढलेल्या. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. 1959 साली दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागोमाग हजारो तिबेटी आले. त्यांच्यासाठी देशात ठिकठिकाणी वसाहती झाल्या, त्यांतली ही 1972 सालची. ताईंची आई मूळची लिथांगची. लिथांग हे पूर्व तिबेटातील खाम भागातले, सुमारे 4000 मीटर उंचीवरील गवताळ पठारावरचे गाव. तिथला मठ 1580 साली तिसऱ्या दलाई लामांनी स्थापन केला, आणि सातवे दलाई लामा 1708 साली त्याच परिसरात जन्मले. उन्हाळ्यात तिथे गवत हिरवेगार होते. मग गावोगावची कुटुंबे माळावर पांढरे तंबू ठोकतात. घोड्यांच्या शर्यती होतात. म्हातारी माणसे मठाला प्रदक्षिणा घालतात, मुले गवतात लोळतात, बाया लोणी घातलेला खारट चहा करतात. खायला त्सांपा म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठ. आपल्या सातूच्या पिठाचेच ते भावंड म्हणायला हरकत नाही.

ताई हे सारे इतके रंगून सांगत होत्या, की आम्ही विचारले, "आप कब गयी थीं?"

त्या म्हणाल्या, "मैं कहाँ गयी! माँ बताती थी।"

मग त्यांनीच विचारले, "आपके यहाँ भी घास का मैदान होगा ना?"

आम्ही म्हणालो, "है ना. धुलिया के पास, लळिंग का कुरण. हमारे बाबासाहेब वहाँ ठहरे थे."

"फिर तो आप लोग बहुत जाते होंगे।"

या प्रश्नावर आमची जीभ अडखळली. वाचकहो, खरे सांगायचे तर आम्ही लळिंगला वीस-बावीस वेळा गेलो असू. पण गेलो ते फक्त 31 जुलैला. गर्दीतून वाट काढत लांडोर बंगल्यापर्यंत जायचे, अभिवादन करायचे, भाषणे ऐकायची, जलशावाल्यांची दोन गाणी ऐकायची आणि शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून धावत परतायचे. ज्या कुरणातून चालत गेलो, ते कुरण आम्ही कधी पाहिलेच नव्हते. त्या ताईंना आपल्या आईचे कुरण बघायला मिळत नाही, आणि आमचे कुरण धुळ्यापासून दहा किलोमीटरवर असून आम्ही ते बघत नाही. ही गोष्ट मनाला लागली. घरी आल्यावर आम्ही वस्तीतल्या चार जाणत्यांशी बोललो आणि ठरवले की या पावसाळ्यात मुलाबाळांसह एक दिवस लळिंगला काढायचा, आणि तोही यात्रा सोडून साध्या रविवारी.

दोन आक्षेप

बेत सांगताच पहिला आक्षेप आला तो आमच्या ज्येष्ठ मंडळींकडून. "ज्या ठिकाणी बाबासाहेब राहिले, तिथे तुम्ही लगोरी खेळणार काय? स्मृतिस्थळाची सहल करू नका." आक्षेप चुकीचा नव्हता. अनेक पवित्र ठिकाणांचे काय होते ते आपण बघतोच. आधी भेळेची गाडी येते, मग कर्णा येतो, आणि शेवटी कचरा तेवढा मागे राहतो.

पण आम्ही त्यांना नम्रपणे आठवण करून दिली. भगवान बुद्धांच्या जीवनातील मोठे प्रसंग कुठे घडले? जन्म लुंबिनीच्या वनात, संबोधी उरुवेलेला पिंपळाखाली, पहिले प्रवचन सारनाथच्या मृगदावात, महापरिनिर्वाण कुशीनाऱ्याच्या जोड सालवृक्षांखाली. लहानपणी शेत नांगरणीच्या उत्सवात सिद्धार्थ जांभळीच्या झाडाखाली ध्यानाला बसला होता, ही गोष्ट तर आपली पोरेसुद्धा सांगतात. मोकळे आभाळ, झाड आणि गवत यांच्याशी ज्या धम्माचे इतके जवळचे नाते आहे, त्या धम्माच्या मुलांनी सुट्टीचा दिवस दूरदर्शन संचासमोर आणि मोबाईलमध्ये डोके घालून का काढावा? शेवटी असे ठरले की आधी बंगल्याजवळ वंदना आणि वाचन करायचे, आणि मग दूर मोकळ्या जागेत जेवण आणि खेळ. ज्येष्ठांनी मान डोलावली. दोघे तर स्वतःच यायला निघाले.

दुसरा आक्षेप आला तो धुळ्याला राहणाऱ्या आमच्या आत्याबाईंकडून, आणि तो पहिल्याहून अवघड होता. आत्याबाई आज शहात्तर वर्षांच्या आहेत. आम्ही फोनवर सांगितले, "आत्या, तुम्हालाही कुरणात फिरायला न्यायचे आहे." पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, "काय रे भाऊ, तठे गवत कापी कापी मना हात फाटनात. आन तुम्ही पैसा खर्ची तठे फिराले जातस?"

आम्हाला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण घरातल्या माणसाचे कष्ट आपल्याला ऐकीव असतात, डोळ्यासमोर नसतात. दिवाळीच्या सुमारास गवत पिकले की ठेकेदाराच्या कामावर वस्तीतल्या बाया पहाटे विळे घेऊन निघायच्या. दिवसभर कापणी, पेंढ्या बांधणे, डोक्यावरून वाहणे. कुसळे लुगड्यातून आत जाऊन मांड्या सोलून निघत. बहात्तरच्या दुष्काळात गवत उगवलेच नाही, तेव्हा आत्याबाईंनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. त्या बाईला आम्ही त्याच माळावर 'हवापालट' करायला बोलावत होतो!

दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. "येसू मी. पन सकाय लवकर निंघा." आम्ही कारण विचारले नाही.

लळिंगचे महत्त्व

निघण्याआधी वाचकांना थोडा इतिहास सांगणे जरूर आहे, कारण तो माहीत नसेल तर कुरण नुसते गवत दिसेल.

मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या दक्षिणेला लळिंगचा डोंगर आहे. डोंगरावर फारुकी राजांच्या काळातला किल्ला आहे. खानदेशावर या घराण्याने चौदाव्या शतकापासून सुमारे दोनशे वर्षे राज्य केले. बहामनी सैन्याकडून हार खाऊन नसीर खान फारुकी या किल्ल्यात येऊन राहिला आणि 1437 साली मरण पावला. पायथ्याच्या गावात जुने हेमाडपंती देऊळ आहे. डोंगराभोवतीचे वनक्षेत्र म्हणजे लळिंगचे कुरण, आणि त्या कुरणात इंग्रजी अमदानीतला लांडोर बंगला.

त्यानंतर बरोबर पाचशे वर्षांनी, 31 जुलै 1937 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्याच्या कामासाठी चाळीसगावमार्गे रेल्वेने धुळ्यास आले. तो खटला पोळ्याच्या सणावरून झालेल्या वादाचा होता असे धुळ्याची जुनी माणसे सांगत आली आहेत. कोर्टाचे काम आटोपून सायंकाळी बाबासाहेबांनी विजयानंद थिएटरात जमलेल्या आपल्या लोकांना संघटित होण्याचा उपदेश केला. त्या भेटीतील त्यांच्या लांडोर बंगल्यातील वास्तव्याची आठवण धुळ्याच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली. म्हणूनच दरवर्षी 31 जुलैला तिथे भीमस्मृती यात्रा भरते आणि साऱ्या खानदेशातून माणूस लोटतो.

पण या प्रवासाच्या आधीचा एक प्रवास आहे. तो आपल्या प्रत्येक मुलाला माहीत असलाच पाहिजे. साल 1929. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. खानदेशातील एका गावी सवर्णांनी टाकलेल्या बहिष्काराची चौकशी करून ते परतत होते. चाळीसगावला समाजाने त्यांना रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनावर सुमारे तासभर थांबावे लागले, तेव्हा कुठे टांगा आला. टांगा चालवणारा नवशिका आहे हे थोड्याच वेळात कळले. नदीवरच्या फरशीपुलावर चाक कडेच्या दगडावर आदळले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, आणि घोडा टांग्यासह नदीत पडला. पायाला मोठी दुखापत झाली, अनेक दिवस त्यांना हिंडता-फिरता आले नाही.

खरा प्रकार मागाहून समजला. स्टेशनावरचा एकही टांगेवाला अस्पृश्य पाहुण्याला नेण्यास तयार नव्हता. शेवटी मालकाने टांगा भाड्याने दिला, पण हाकायला माणूस दिला नाही. आपल्या पाहुण्याने वस्तीपर्यंत पायी यावे हे समाजाला कमीपणाचे वाटले, म्हणून कधी लगाम न धरलेला आपलाच एक माणूस टांग्यावर बसला. बाबासाहेबांनी ही हकीकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहून ठेवली. ते पुस्तिकेच्या रूपाने 1990 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केले.

विलायतेत शिकून आलेल्या बॅरिस्टरला जिथे टांगेवाला मिळाला नाही, त्याच चाळीसगाव स्टेशनावर आठ वर्षांनी त्यांच्या जयजयकाराने फलाट दणाणला. म्हणून आम्ही म्हणतो, आपल्या माणसाने तिकीट काढून, डबा बांधून, बायकामुलांसह मोकळेपणाने फिरायला जाणे ही गोष्ट साधी समजू नका. आपल्या आजोबांना ती सहज मिळालेली नव्हती.

प्रवास

जळगावहून आम्ही चौदा मोठी आणि नऊ लहान मुले असे तेवीस जण निघालो. पहाटेची एस.टी. धरली. पाळधी, एरंडोल, पारोळा करत गाडी धुळ्याला पोहोचली. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. मार्च 2023 पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, आणि पंच्याहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत आहे. धुळे स्थानकावर आत्याबाई येऊन बसल्याच होत्या. मालेगावकडे जाणाऱ्या साध्या गाडीत कंडक्टरने त्यांच्या हातात शून्य रुपयांचे तिकीट दिले. त्यांनी ते नीट घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवले. या वाटेने त्या पूर्वी पायीच गेलेल्या.

ज्यांना रेल्वेची हौस आहे त्यांनी चाळीसगावहून धुळ्याला जाणारी गाडी धरावी. सुमारे छप्पन किलोमीटरचा हा फाटा 1900 साली सुरू झाला. जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर अशी लहान लहान स्टेशने लागतात. धुळ्याच्या अलीकडच्या एका स्टेशनाचे नावच 'मोहाडी प्रगणे लळिंग' असे आहे. बाबासाहेब याच मार्गाने आले, हे मुलांना खिडकीत बसवून सांगता येते.

कुरणात

महामार्ग सोडून आत वळलो आणि ट्रकांचा आवाज मागे पडत गेला. रात्री पाऊस झाला होता. मुलांच्या पावलाने बंगल्यापर्यंत आम्हाला तासभर लागला, पण तो तास कसा गेला कळले नाही. एरवी उघडे बोडके दिसणारे खानदेशी डोंगर श्रावणात ओळखू येत नाहीत. अंजनाची झाडे धुऊन निघालेली, तरवडाला पिवळी फुले, आणि बाकी सगळीकडे वाऱ्यावर हलणारे गवत. लांडोरांची जोडी झुडपांतून पळाली तेव्हा मुलांना बंगल्याच्या नावाचा अर्थ न सांगता कळला. मोर दिसला नाही, पण ओरडला दोनदा.

इथे एक गोष्ट आम्ही मुलांना आवर्जून सांगितली. सध्या वर्षावास चालू आहे. वर्षावासाची प्रथा कशी पडली? विनयपिटकात ती हकीकत आहे. भिक्खू पावसाळ्यातही गावोगाव हिंडत. लोक तक्रार करू लागले की हे श्रमण हिरवे गवत तुडवतात, बारीक जीवजंतू त्यांच्या पायाखाली मरतात. भगवंतांनी ती तक्रार मानली आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला. अडीच हजार वर्षांपूर्वी गवताची तक्रार ऐकून घेणारा असा आपला शास्ता! मग आपण कुरणात चालायचे कसे? एका ओळीत, पायवाटेवरून. गवत उपटायचे नाही, वारूळ मोडायचे नाही, पाखराच्या अंड्याला हात लावायचा नाही. चंडोल, लावा, तितर हे पक्षी गवतात जमिनीवरच घरटी करतात. मुलांनी हा नियम आमच्यापेक्षा कडकपणे पाळला. आमचाच पाय एकदा वाटेबाहेर पडला, तर पाच-सहा जण एकदम ओरडले.

बंगल्याजवळ आम्ही त्रिसरण-पंचशील घेतले. दहा मिनिटे सगळे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत बसलो. मग इयत्ता नववीतल्या एका मुलीने चाळीसगावच्या टांग्याची हकीकत आपल्या शब्दांत सांगितली. एका लहानग्याने विचारले, "घोडा वाचला का?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी एकाही मोठ्या माणसाजवळ नव्हते.

आत्याबाई मात्र लांबच, एका अंजनाखाली उभ्या होत्या. आम्ही बोलवायला गेलो. त्या म्हणाल्या, गवत कापायच्या दिवसांत ऊन लागले म्हणून एकदा त्या आणि दोघी-तिघी पायऱ्यांवर टेकल्या होत्या. मुकादमाने हाकलून लावले. त्यानंतर पुन्हा इकडे फिरकल्या नाहीत. बंगल्यात कोण राहून गेले आहे, हे तेव्हा त्यांना ठाऊकही नव्हते. "बाबासाहेब आठे राहेल शेतस, हाई आम्हले कोनी सांगं व्हतं का?" त्यांनी विचारले.

कोणी सांगायचे होते? ज्यांना ठाऊक होते त्यांनी कापणाऱ्या बायांना सांगितले नाही, आणि पुढे आम्ही शिकलेल्यांनीही घरातल्या म्हातारीला जवळ बसवून कधी सांगितले नाही. यात्रेला गेलो, आलो, प्रसादासारखे कॅलेंडर आणून भिंतीला लावले. हा दोष आमचा आहे आणि तो इथे कबूल करतो.

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, हळूहळू चालत आल्या आणि पायरीवर बसल्या. बराच वेळ बसल्या. कुणी फोटो काढायला पुढे झाले, तर त्यांनी हातानेच नको म्हटले.

गवताची शाळा

त्यानंतर त्या दिवसाची सूत्रे आत्याबाईंच्याच हातात गेली. आमच्या बी.कॉम.च्या डोक्याला गवत म्हणजे गवत. त्यांनी मुलांना एकेक काडी दाखवून नावे सांगितली. हा मारवेल, जनावर आवडीने खाते. हा पवन्या, उंच होतो, कापायला सोपा. हा शेडा. आणि ही कुसळी, आता गरीब दिसते, दिवाळीला तिचे भाले होतात. कुसळीच्या बीला टोक आणि पीळदार शेपटी असते. ओल लागली की शेपटी फिरते आणि बी स्क्रूसारखे जमिनीत शिरते. गुरांच्या कातड्यात आणि माणसाच्या कपड्यांत ते घुसते याचे कारण तेच. मुलांनी वह्यांत चित्रे काढली, नावे लिहिली. वर्गात एरवी मागच्या बाकावर बसणारा आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा तिथे सर्वांत पुढे होता.

गवत कुठवर कापायचे, हेही त्यांनी सांगितले. मुळापासून ओरबाडले तर पुढच्या वर्षी तिथे दगड दिसतो. बी पडू दिले, खोड राखले तर माळ आपणहून भरतो. गवताची मुळे माती धरून ठेवतात, पावसाचे पाणी मुरवतात. कुरण जळले किंवा चरून संपले की तेच पाणी माती घेऊन खाली जाते. उन्हाळ्यात वाळल्या गवतावर एक विडीचे थोटूक पडले, तरी डोंगर पेटतो. ज्या बाईला आयुष्यभर अडाणी म्हटले गेले, तिच्याभोवती नऊ मुले आणि चौदा मोठी माणसे बसून तास ऐकत होती.

दुपारी डबे उघडले. कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा, आणि धुळ्याच्या मंडळींनी आणलेली शेवभाजी. कुणाच्या डब्यात काय हे बघायचे नाही, सगळे एकत्र करून वाढायचे असा नियम केला होता. नंतर खो-खो आणि लगोरी झाली. आमच्या ज्येष्ठांपैकी एकांनी, ज्यांचा सहलीला विरोध होता त्यांनीच, विटीदांडूत सर्वांना हरवले.

एक चूकही सांगतो, म्हणजे इतरांची टळेल. पावसानंतर कुरणात ओहोळ वाहतात, खडकावरून पाणी कोसळते. ते बघायला गेलो असता आमचे लक्ष नसताना एक मुलगा शेवाळलेल्या दगडावरून घसरला. कोपर सोलले, एवढ्यावर निभावले. पण पाण्याजवळ मुलांची जबाबदारी कुणाची हे आम्ही आधी ठरवले नव्हते. पुढच्या खेपेला तीन मुलांमागे एक मोठे माणूस असे नाव लिहूनच ठरवणार. त्या धांदलीत उशीर झाल्यामुळे किल्ला चढायचाही राहिला. किल्ल्यावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आणि पडकी तटबंदी आहे. तरुण मुलामुलींनी सकाळीच चढून घ्यावे, दुपारनंतर घाई होते.

जाणाऱ्यांसाठी

लळिंगला जायला ऑगस्ट-सप्टेंबर हा उत्तम काळ. ऑक्टोबरनंतर कुसळे टोचतात आणि उन्हाळ्यात सावली नाही. हे वनक्षेत्र आहे, म्हणून जाण्याआधी वनखात्याकडे चौकशी करावी, मोठा गट असेल तर आगाऊ कळवावे. पाणी घरूनच न्यावे. अंगभर कपडे, बूट आणि हातात काठी असावी, पावसाळ्यात साप-विंचू निघतात. चूल पेटवू नये. कर्णा तर मुळीच नेऊ नये, तो लावला की लांडोरी दिसायच्या नाहीत. आणि आपण नेलेली प्रत्येक पिशवी, प्रत्येक पत्रावळ परत आणावी. आम्ही दोन पोती नेली होती. आमचा कचरा एका पोत्यात मावला, दुसऱ्यात आधीच्या लोकांचा भरून आणला.

खर्चाचा हिशेब कारकुनी सवयीने मांडतो. मोठ्यांकडून दोनशे आणि मुलांकडून शंभर रुपये वर्गणी घेतली, म्हणजे 3700 रुपये जमले. तिकिटे, चहा, मुलांच्या वह्या आणि औषधाची पेटी असे 3360 झाले. उरलेले 340 रुपये विहाराच्या वाचनालयाला दिले.

ज्यांना लळिंग लांब पडते त्यांच्यासाठी खानदेशाच्या कडेला इतरही ठिकाणे आहेत. जळगावहून सुमारे साठ किलोमीटरवर अजिंठा लेणी आहेत. सोमवारी लेणी बंद असतात, हे विसरू नये. वाघूर नदीच्या नालाकृती वळणातली ही तीस लेणी आपल्या पूर्वजांनी दिलेल्या दानातून उभी राहिली. लेण्यांसमोरच्या डोंगरावरून दिसणारे दृश्यही अवश्य बघावे. चाळीसगावहून पाटणादेवीच्या जंगलातून वर गेले की पितळखोऱ्याची लेणी लागतात. ती इसवी सनापूर्वीच्या काळातली, अजिंठ्याच्या जुन्या लेण्यांची समकालीन आहेत. तिथे चालावे लागते, पण तरुणांनी एकदा तरी ती वाट चालावी. आणि चाळीसगावला उतरलात, तर स्टेशनाबाहेर दोन मिनिटे थांबून मुलांना टांग्याची गोष्ट जरूर सांगा.

परतताना

संध्याकाळी महामार्गावर गाडीची वाट बघत उभे होतो. आत्याबाईंच्या हातात गवताची एक लहानशी जुडी होती. वाटेवर कोणीतरी तोडून टाकलेल्या काड्या त्यांनी गोळा केल्या होत्या. आम्ही विचारले, "आत्या, हे कशाला?" त्या म्हणाल्या, "नातले दखाडसू." त्यांचा नातू पुण्याला कंपनीत आहे. दिवाळीला येणार आहे.

या हिवाळ्यात त्या तिबेटी ताई पुन्हा येतील. त्यांना दाखवायला मुलांच्या वह्यांतली गवताची चित्रे आम्ही राखून ठेवली आहेत. आणि पुढच्या पावसाळ्यात आत्याबाईंच्या वयाच्या, एकेकाळी कुरणात कापणी केलेल्या जेवढ्या बाया धुळ्यात सापडतील तेवढ्यांना बरोबर न्यायचे ठरले आहे. त्यांची गवताची नावे लिहून घ्यायची आहेत. आपापल्या गावी असे कुरण, असा माळ, अशी एखादी आत्या असेलच. आधी त्यांना विचारा, मग डबा बांधा.

जयभीम!